शेपूट कापलेला कप

शर्ट शिवून झाला की तो सगळे जिला कैची म्हणतात त्या बाईच्या टेबलावर येतो. तिचं काम एकच. कॉलरच्या टोकाला, काजाच्या कडेला, बाहीच्या जोडावर शिलाईचा जो दोरा लोंबत राहतो, तो मुळापासून कापायचा. कारखान्यात त्या दोऱ्याला शेपूट म्हणतात. शेपूट राहिलं की पीस परत येतो, आणि पीस परत आला की सुपरवायझर तो दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर फडकवतो, जणू कुणाचा परकरच चव्हाट्यावर आणलाय. म्हणून कैचीचा हात असा बसलाय की लोंबणारं काहीही दिसलं की कात्री आपोआप चालते. घरी पोराच्या चड्डीची नाडीही तिने एकदा अशीच उडवली होती. जीभ तशीच. कैची हे नाव हातावरून पडलं की जिभेवरून, यावर बायकांचं अजून एकमत झालेलं नाही.

बायकांसाठी संडास एक. जायचं असेल तर सुपरवायझरच्या टेबलावरचा लाकडी बिल्ला उचलायचा आणि आल्यावर जागेवर ठेवायचा. बिल्लाही एकच. त्यामुळे कोण गेली, कधी गेली आणि अजून का आली नाही, हे अख्ख्या कारखान्याला कळतं. इस्त्रीवाल्या पुरुषांना तर आधी कळतं, कारण त्यांची टेबलं संडासाच्या भिंतीला लागूनच. हात धुवायचं बेसिन आत नाही, बाहेर आहे, इस्त्रीच्या टेबलांसमोर. ज्याने हे बांधलं त्याला पाळी कधी आली नव्हती आणि येणारही नव्हती.

पाळीच्या दिवसांत बायका पॅड कापडाच्या कतरणीत गुंडाळून कमरेला खोचतात आणि चोरी केल्यासारख्या चालतात. एकीला सुपरवायझरने खरंच अडवलं होतं. कमरेला काय लपवलंय म्हणाला. तिने काढून दाखवलं. त्यानंतर आठवडाभर तो कुणाच्या कमरेकडे बघायला धजला नाही, आणि ती बाई काम सोडून गेली ती परत आलीच नाही. लाज त्याला आठवडाभर पुरली. तिला जन्माची पुरली.

कैचीची धाकटी बहीण एका इस्पितळात नर्स आहे. तिनेच कैचीला पहिला कप आणून दिला. मऊ रबरासारखा, घंटेच्या आकाराचा, खाली एक बारीक दांडी. घडी घालून आत सरकवायचा, आत गेला की उघडतो आणि रक्त त्यात साठतं. जास्तीत जास्त बारा तास, मग काढायचा, ओतायचा, धुवायचा, परत घालायचा. पाळी संपली की उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि कोरडा करून कापडी पिशवीत टाकायचा. नीट वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो. "काढताना दांडी धरून ओढू नको," बहीण म्हणाली होती, "बूड दाबायचं, हवा सुटू द्यायची." कैचीने हे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. ती दांडी धरून ओढायची आणि कप यायचा. असा येत असताना कोण कशाला बूड शोधत बसेल.

पहिल्या महिन्यात तिचा जीव नकोसा झाला. दुसऱ्यात हात बसला. तिसऱ्यात पाळी आहे हे ती दुपारपर्यंत विसरून गेली. बिल्ल्याला हात न लावता दिवस निघाला. त्या दिवशी तिला जे वाटलं ते सुख होतं, आणि सुख पोटात ठेवणाऱ्यांतली ती नव्हे.

जेवणाच्या सुट्टीत तिने बहिणीकडून दाखवायला आणलेला नवा, न वापरलेला कप टेबलावर ठेवला. बायकांनी तो हातोहात फिरवला.

"एवढंसं? माझ्या नणंदेचं तोंड याहून मोठं आहे."

"चहा ओतून बघू का? कितीक मावतो कळेल."

"आणि हे घालून बसायचं? मला तर खुर्चीत खडा असला तरी कळतं."

कैची सगळ्यांना उत्तरं देत होती. न दिसता, न गळता, न बिल्ल्याला हात लावता. मग कोपऱ्यातून थोरली बोलली. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. दोघी एकाच घरात राहतात आणि एकाच कारखान्यात येतात. थोरली मशीनवर कॉलर लावते, कमी बोलते आणि बोलली की टोचते.

"आत गेलेलं आतच राहिलं तर? मग कुणाला दाखवायला जाशील?"

सरळ प्रश्न होता. सरळ उत्तर देता आलं असतं. पण बायका हसायला तयार बसल्या होत्या आणि कैचीची जीभ तिच्या आधी उठली.

"जाऊबाई, तुम्ही ती फडकी परकराखाली वाळत घालता. कधी वाळत नाहीत. त्यांचा वास येतो तेव्हा तुम्ही कुणाला दाखवता?"

टेबल हसून हसून हललं. थोरलीने डबा बंद केला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या कैचीने पाहिल्या आणि तिला कळलं की हे बोलायला नको होतं. पण कळणं आणि माफी मागणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर कैची आजवर कधी चालून गेली नव्हती. त्या दिवसापासून थोरली घरात तिच्याशी सासूमार्फत बोलू लागली. "तिला सांगा, पाणी आलंय." कैची दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

चौघींनी कप मागवले. त्यांत बारकीही होती. बारकी बटणं लावते, सगळ्यांत लहान, लग्न व्हायचंय, बोलते इतकं हळू की समोरच्याला आधी तिच्या ओठांकडे बघावं लागतं. कैचीने बहिणीकडून चार आणि स्वतःसाठी मोठ्या मापाचा एक असे पाच आणवले. बायकांनी ती दांडी बोटाने चाचपली.

"हे टोचणार नाही का गं?"

आणि कैचीने तिचं जन्माचं काम केलं. कात्री उचलली. "शेपूट कशाला ठेवायचं?" म्हणाली. एकामागून एक पाचही कपांच्या दांड्या तिने बुडाशी अशा सपाट कापल्या की बोट फिरवलं तर कळू नये. अर्धी नाही, पाऊण नाही, मुळापासून. "साफ," म्हणाली, "पीस परत यायचा नाही." बारकीने कप तळहातावर घेऊन बघितला आणि हसली. कैचीला वाटलं, आपण या पोरीवर उपकार केला.

पाळी आधी कैचीला आली. संध्याकाळी तिने नवा कप घातला. टोचलं नाही. झोप छान लागली.

सकाळी न्हाणीघरात बसून तिने बोट घातलं आणि धरायला काही नव्हतं.

आधी ती वैतागली. मग घाबरली. कप होता, बोटाच्या शेंड्याला त्याचं बूड लागत होतं, गुळगुळीत, ओलं, आणि पकडायला गेलं की आणखी वर सरकत होतं. ती जितकी घाबरली तितकं अंग आवळलं, आणि अंग आवळलं तितका कप वर गेला. ती उभी राहिली, बसली, एक पाय बादलीवर ठेवला. दोन पोरांची आई, पस्तिशीची बाई, सकाळच्या पारी भिंतीला डोकं टेकून स्वतःच्याच अंगात हरवलेली वस्तू शोधत होती.

बाहेरून सासूने कडी वाजवली. "आत काय घर बांधतेस का? पोरांना शाळा आहे."

"आले, आई."

ती तशीच बाहेर आली आणि तशीच कामाला गेली. चालताना तिला वाटत होतं की प्रत्येक पावलाला ते वर वर चढतंय, पोटात जाईल, काळजाला जाऊन लागेल. तसं होत नसतं. वरचा रस्ता बंद असतो, बहिणीने चित्र काढून सांगितलं होतं. पण भ्यालेल्या बाईला चित्र आठवत नाही.

कारखान्यात तिने बिल्ला उचलला. परत उचलला. आणखी एकदा हात लावला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "आज यावर तुझं नाव कोरून देऊ का?" इस्त्रीवाले हसले. जिच्या जिभेला सगळे भीत, ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. शेजारणीने विचारलं, बरं नाही का. कैची म्हणाली, घसा दुखतोय. तोंडाला आलं ते बोलली.

बहिणीला फोन लावला. लागला नाही. ड्युटीवर असली की तिचा फोन कपाटात असतो. कैचीने दुपारची सुट्टी घेतली आणि गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरकडे गेली. बाकावर माणसं बसलेली. शेजारच्या घरातला रिटायर मास्तर खोकत होता, वरच्या मजल्यावरची बाई नातीला घेऊन आली होती. कंपाउंडरबाईने वर न बघता मोठ्याने विचारलं, "काय होतंय?"

बाकावरचे सगळे तिच्याकडे बघायला लागले. दवाखान्यात लोकांना दुसरं काम नसतं.

"घसा," कैची म्हणाली.

"ताप?"

"नाही. घसाच."

आत म्हाताऱ्या डॉक्टरने तिला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, जीभ चमच्याने दाबली आणि बॅटरी मारली. "आ म्हणा." कैची आ म्हणाली. खाली तो कप होता, वर हा डॉक्टर होता, आणि ती मध्ये आ वासून बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं. डॉक्टर, दुसरीकडे आहे. तेवढं तिच्याने झालं नाही. मास्तरला उभ्या रस्त्यात नडणारी बाई, पण कमरेखालचं नाव घ्यायचं म्हटलं की जिभेला लकवा. हा लकवा काही तिने जन्मतः आणलेला नव्हता. तिला वयात आल्यापासून रोज चमच्या चमच्याने पाजलेला होता, आईने, मावशीने, शाळेतल्या बाईंनी, आणि त्या सगळ्यांनाही कुणीतरी तसाच पाजला होता.

"थोडा लाल आहे," डॉक्टर म्हणाले. गुळण्यांचं औषध दिलं.

ती घरी आली तेव्हा सासू पोरांना घेऊन खाली मैदानात बसायला गेली होती. नवरा यायला वेळ होता. कैची न्हाणीघरात गेली, कडी लावली, आणि परत सुरू केलं. बोटं दुखायला लागली. बारा तास केव्हाच उलटून गेले होते. रक्त आता कडेने गळत होतं, म्हणजे कप भरला होता. तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि रडली.

थोरली कारखान्यातून आली ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा दाराबाहेर पावलं थांबलेली होती.

"काय झालं?"

कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती सरळ कैचीशी बोलली होती.

"काही नाही."

"काही नाही झालेल्या बाया असं रडत नाहीत. अडकलं ना?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

"कडी काढ."

"नको ताई. जा तुम्ही."

"कडी काढ, नाहीतर खाली जाऊन आईंना घेऊन येते. त्या आल्या की अख्खी गल्ली येईल."

कैचीने कडी काढली. ती फरशीवर बसलेली, साडी कमरेवर गोळा केलेली, मांड्यांना रक्त, नाक वाहतंय. अशा वेळी माणूस माणसाकडे बघत नाही, पण थोरलीने नीट बघितलं. मग दार लावलं, नळाखाली कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि समोर उकिडवी बसली. कैचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुझ्या दोन्ही बाळंतपणांत मी होते. तेव्हा माझा हात धरून मला शिव्या घातल्यास. आता कसली लाज?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"का? तेव्हा पोर निघत होतं म्हणून?"

लाज पोराची नव्हती आणि कपाचीही नव्हती. तिने या बाईला पंधरा जणींसमोर वास येतो म्हटलं होतं, आणि आता तीच बाई तिच्या वासात, तिच्या घाणीत, नाक न मुरडता बसली होती. त्या क्षणी थोरली एक शब्द टाकून बोलली असती तर कैचीला बरं वाटलं असतं. ती बोलली नाही. त्यानेच जास्त भाजलं.

"ओढतेस का?"

"धरायलाच येत नाही."

"ओढून नाहीच निघायचं. ओली वाटी ओट्याला चिकटली की ओढून निघते का? कडेने बोट घालून हवा सोडावी लागते. आधी अंग सैल सोड. नीट उकिडवी बस. आता खाली जोर लाव, संडासला लावतो तसा. हळू. श्वास कोंडू नको."

कैचीने जोर लावला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा बूड बोटांशी आलं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत सापडलं. तेव्हा तिला बहिणीचं बोलणं आठवलं. बूड दाबायचं. तिने दाबलं. आत फुस्स झालं, चिकटलेलं काहीतरी सुटलं, आणि कप डावी उजवीकडे हलवत ती खाली आणत होती तोवर तो हातातून निसटला. भरलेला होता. भिंतीवर उडालं, बादलीवर उडालं, थोरलीच्या साडीवर उडालं.

कैचीला जमीन दुभंगावी असं वाटलं. जमीन कधीच दुभंगत नाही. तिथेच बसून राहावं लागतं.

थोरलीने तांब्याने भिंतीवर पाणी मारलं. मग कप उचलला, नळाखाली धरला आणि उलटा करून बघितला.

"दांडी होती ना याला?"

"कापली."

"का?"

"लोंबत होती."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. हसली नाही. हसली असती तर दोघींचंही काम सोपं झालं असतं.

"आणि त्या चौघींची?"

कैचीने मान खाली घातली. दिवसभर तिला स्वतःपलीकडे काही सुचलं नव्हतं. आता सुचलं, आणि चौघींचे कप एकामागून एक डोळ्यांसमोर आले.

"उद्या सांग सगळ्यांना," थोरली म्हणाली. "जे झालं ते सांग. अडकलं, का अडकलं, कसं निघालं."

"सांगते."

"सगळं."

"सांगते म्हटलं ना."

"आणि दवाखान्यात गेली होतीस म्हणे. काय म्हणाले डॉक्टर?"

कैचीने गुळण्यांची बाटली दाखवली.

सकाळी तिचा निश्चय होता. कारखान्यात पाऊल टाकलं आणि निश्चय पातळ झाला. "घसा कसा आहे?" बायकांनी विचारलं. "बरा आहे," कैची म्हणाली. कोणत्या तोंडाने सांगणार. याच टेबलावर तिने छाती ठोकून सांगितलं होतं की याला काही होत नाही. याच टेबलावर शेपटं कापली होती. तिने स्वतःला समजावलं की सगळं सांगायची गरज काय, वापरू नका एवढं सांगितलं तरी पुरे. मग ती एकेकीच्या कानाशी लागली.

"ते कप वापरू नका बाई सध्या. माल खराब आलाय म्हणे. बहिणीचा फोन होता."

"अगं, मग पैसे परत दे म्हणावं."

"बघते."

तिघींना असं सांगून झालं. बोलताना तिला स्वतःचीच किळस येत होती, पण किळस गिळता येते. चौथी राहिली होती बारकी. बारकी जागेवर नव्हती. कैचीने सुपरवायझरच्या टेबलाकडे पाहिलं. बिल्लाही नव्हता.

"कधी गेली गं?" तिने शेजारणीला विचारलं.

"झाला बराच वेळ. सकाळपासून तिचं तोंड उतरलेलंच आहे. पाळी असेल."

सुपरवायझर तोवर उठला होता. त्याने घड्याळ पाहिलं, संडासाच्या दाराशी गेला आणि बोटांनी टकटक केली. मग मुठीने.

"कोण आहे? झोप लागली का?"

"आले," आतून आवाज आला. पुढे काही नाही.

कैची उठली. सुपरवायझरच्या पुढे होऊन दाराला तोंड लावलं. "बारके, मी आहे."

आतून रडका आवाज. "ताई, निघत नाही."

"ऐक. ओढू नको. बूड दाब."

"काय? ऐकू येत नाही."

मशीनांचा गोंगाट मोठा होता, आणि कैची कुजबुजत होती. तिने पुन्हा सांगितलं. पोरीने पुन्हा "काय?" विचारलं. सुपरवायझरला यात काहीतरी शिजतंय असा वास आला. त्याने हात वर केला आणि ओरडला, "बंद करा रे मशीनी. बघू दे काय चाललंय इथं."

मशीनी एकेक करून थांबल्या. इतकी शांतता झाली की इस्त्रीतून वाफ सुटलेली ऐकू आली. सगळ्यांच्या माना वळलेल्या. इस्त्रीवाले चौघे हात थांबवून उभे. आता कुजबुज केली तरी ती शेवटच्या टेबलापर्यंत गेली असती.

आत पोर घाबरून अंग आवळत होती. हे कैचीला दार न उघडता दिसत होतं.

तिने डोळे मिटले आणि बोलली. "बारके, उकिडवी बस. बसलीस?"

"हो."

"अंग सैल सोड. ते कुठं जात नाही, वर रस्ताच नाही. आता खाली जोर लाव, संडासला लावतेस तसा. बूड हाताला लागलं की चिमटीत दाब. दाबलं की हवा सुटते. मग हलवत हलवत आण. ओढायचं नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काय घाण बोलतेस?" सुपरवायझर म्हणाला. "पुरुष उभे आहेत इथं."

"मग बसवा त्यांना. वेळ लागेल."

"बारकीचं काय अडकलं गं?" एका बाईने मागून विचारलं. मग दुसरीने काहीतरी हळू सांगितलं, आणि हसू टेबलाटेबलावरून पसरायला लागलं. दाराआड पोर गप्प झाली. उद्यापासून तिला बघून कोण काय पुटपुटेल, कोण इस्त्रीवाला कुठलं गाणं म्हणेल, हे कैचीला लख्ख दिसलं. कमरेचं पॅड काढून दाखवणारी ती बाई अशीच गेली होती.

कैची वळली. सगळा कारखाना समोर होता. तिचे कान तापले, गाल तापले, गळ्यापर्यंत आग.

"बारकीचं कशाला विचारता? माझंच आधी अडकलं," ती म्हणाली. "काल दिवसभर ते अंगात घेऊन मी इथं बसले होते. कपाची दांडी मीच कापली, माझीही आणि हिचीही. शहाणपणा केला. माल खराब नाही. मी खोटं बोलले. त्या तिघींनी ऐका, कप चांगला आहे, अक्कल माझी खराब आहे. तुमच्या दांड्याही मी कापल्यात. वापरायचा तर काढायचा कसा ते मला विचारा."

सुपरवायझर आपल्या बुटांकडे बघत होता.

मग कॉलरच्या मशीनवरून थोरलीचा आवाज आला. "मी काढायला लावलं. भिंतीवर उडालं. माझ्या साडीवरसुद्धा. डाग अजून गेला नाही."

"काय सांगता?"

"आणि त्याआधी बाई दवाखान्यात जाऊन डॉक्टरला घसा दाखवून आली."

मग मात्र कारखाना फुटला. बायका मशीनवर डोकं ठेवून हसल्या. इस्त्रीवाले हसले, त्यांतला म्हातारा तर डोळे पुसत होता. "कुठून कुठे गं, कैचे?" "गुळण्या केल्यास का?" हे आता वर्षभर चालणार होतं, तिला पुरतं ठाऊक होतं. थोरली हसत नव्हती, कॉलरची घडी सारखी करत होती. तिने हा सूड घेतला की मदत केली, कैचीला कळलं नाही. दोन्ही असावं. कैची त्या हसण्यात पदर खोचून उभी राहिली, आणि तिला नागडं केल्यासारखं वाटत होतं. तरी ती हलली नाही, कारण ती समोर उभी होती तोवर दाराकडे कुणी बघत नव्हतं.

त्या गोंधळातच कडी सरकली.

बारकी बाहेर आली. डोळे सुजलेले, एका हातात बिल्ला, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, ओढणीखाली. ती बेसिनपाशी येऊन थांबली आणि तिथेच गोठली. समोर इस्त्रीची टेबलं होती. मूठ उघडायची तर सगळ्यांसमोर.

कैची पुढे झाली. बारकीच्या आणि इस्त्रीवाल्यांच्या मध्ये पाठ करून उभी राहिली, साडीचा पदर दोन्ही हातांनी पसरला.

सुपरवायझरने टाळी वाजवली. "चला, चला, मशीनी चालू करा." त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. मशीनी एकेक करून सुरू झाल्या.

"तुम्ही हळू बोलायचं होतंत ना," बारकी म्हणाली. तिची मान खालीच होती.

"हळू ऐकू येत नव्हतं तुला."

"आता सगळ्यांना कळलं."

"हो."

पोरीने नळ सोडला. पाणी आधी लाल गेलं, मग गुलाबी, मग साधं.

"कडेखाली बारीक भोकं आहेत," कैची म्हणाली. "तीही धू. पाणी भर आणि दाब, म्हणजे भोकांतून बाहेर येतं."

"ठाऊक आहे मला," बारकी म्हणाली आणि कप पाण्याने भरून दाबला.